पेशन्सबाईची वाकळ

आमच्या घरात पाप भरपूर होतं; करायला नव्हे, बोलायला. सकाळी चहाच्या आधी पप्पा त्याची क्षमा मागत, दुपारी आत्या कोंबड्या हाकलताना त्याचं नाव घेई, आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत पापांगीकारालाच इतका वेळ लागे की आईची चुलीवरची डाळ खाली लागायची. एवढं कबूल करण्याइतकं पाप ही माणसं करतात तरी कधी, हा प्रश्न मला लहानपणापासून पडे. पप्पा शुगर फॅक्टरीत टाइमकीपर होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच. फॅक्टरीच्या गेटावर उशिरा येणाऱ्याकडे ते ज्या नजरेनं बघत, त्याच नजरेनं रविवारी चर्चच्या दाराकडे बघत. घरात पत्ते नाहीत, सिनेमा नाही. रेडिओ होता, पण बातम्या आणि बाजारभावापुरता. भाव संपून गाणं सुरू व्हायच्या आत पप्पांचा हात बटणावर जाई, तरी गाण्याचा पहिला सूर निसटून यायचाच. त्या एका सुरावरून पुढचं अख्खं गाणं ओळखण्यात मी आणि आई इतक्या तरबेज झालो होतो की रेडिओ बंद झाल्यावर आई भाकरी थापताना त्याच्या पुढचं कडवं तोंडातल्या तोंडात म्हणत असे, आणि पप्पांना वाटे ती स्तोत्र म्हणते आहे.

आमचं कंपाउंड नेवाशाकडच्या रस्त्यावर, एका लहानशा गावाच्या कडेला. दगडी चर्च, घंटा, चिंचेचं झाड आणि एकाला एक चिकटून बांधलेली घरं. आमच्या शेजारचं घर राहेलबाईंचं, माहेरचंच; लग्नानंतरही त्या तिथंच राहिल्या. मधली भिंत एकच, तीही छातीइतकी, आणि त्या भिंतीवर अबोला बसलेला. आत्या आणि राहेलबाई एकमेकींशी बोलत नसत. का बोलत नाहीत, हे आम्ही पोरं विचारायचो तेव्हा आई म्हणायची, जुनं आहे. मात्र न बोलता त्यांचं सगळं चालायचं. पाणी आलं की आत्या भिंतीला सांगायची, 'नळ सुटलाय गं भित्ताडा', आणि पलीकडून राहेलबाईंची घागर वाजायची. राहेलबाईंच्या घरी मासवडी झाली की वाटी भिंतीवर ठेवलेली असे, आणि रिकामी वाटी धुऊन, तिच्यात काहीतरी घालून, आत्या पुन्हा भिंतीवरच ठेवी. भिंतीला त्या दोघींनी जितकं खाऊ घातलं तितकं आम्हालाही घातलं नसेल.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, सालूआत्या. लग्न केलं नाही. कंपाउंडातल्या सगळ्या बायकांची पोलकी ती शिवायची, आणि शिवता शिवता माप घेतलेल्या बाईचं सगळं घरदार तिला कळायचं. तरुणपणी ती नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंग कॉलेजात होती. पहिल्याच वर्षी सुट्टीत घरी आली आणि परत गेलीच नाही, कारण तिच्या ट्रंकेत एक कादंबरी आहे हे आमच्या आजोबांना, म्हणजे दादांना, कुणीतरी सांगितलं. कादंबरी चुलीत गेली आणि आत्या शिलाई मशीनवर आली. कुणी सांगितलं, याविषयी आत्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. होस्टेलात तिच्या शेजारच्या खाटेवर राहेल झोपायची. तेवढं सांगून ती भिंतीकडे बघायची आणि सुई दातात धरायची.

म्हणून मी ज्या दिवशी नगरच्या कॉलेजात जायला लागले (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला सत्तरीजवळ कुठली नवी वळणं) त्याच दिवशी पप्पांनी नियम सांगून टाकला. शिक हवं तेवढं, पण पहिली कादंबरी घरात दिसली की एसटीचा पास चुलीत. दादांची चूल, पप्पांनी वारशात घेतलेली. मी विषय घेतला होता इंग्रजी. म्हणजे पोहायला शिक पण पाण्याला हात लावू नको, असा तो प्रकार. पहिली दोन वर्षं कविता आणि निबंधांवर निभावली. शेवटच्या वर्षी मात्र सरांनी निवडीचे पेपर सांगितले आणि सगळ्यांत कादंबऱ्या. मी रडकुंडीला येऊन आत्याला यादी वाचून दाखवली. एका पेपराशी आत्याचं मशीन थांबलं. जुन्या काळी समुद्रापलीकडे जाऊन राहिलेल्या कडक भक्तिवान लोकांच्या समाजातलं साहित्य, त्यातल्या दोन कादंबऱ्या, अपराधाच्या ओझ्यानं वाकलेली त्यांतली पात्रं, त्यांची तुलना करा. प्युरिटन म्हणत त्या लोकांना. नाच नाही, गाणं नाही, काळे कपडे, रविवारी दिवसभर लाकडी बाकावर बसून उपदेश ऐकायचा आणि झोप लागली तर काठीनं टोचायचं. सरांनी वर्गात सांगितलं की आमच्या भागात आलेले गोरे मिशनरी याच लोकांच्या नात्यागोत्यातले. मी मनात म्हटलं, सर, मला सांगू नका, मी त्यांच्यातच जेवते.

आत्या त्याच संध्याकाळी पप्पांपुढे उभी राहिली. ही चर्चची पुस्तकं आहेत, पानोपानी पाप आणि पानोपानी पस्तावा, तुझ्या प्रार्थनेपेक्षा लांब, असं तिनं सांगितलं. पप्पांनी विचारलं, "म्हणजे चरित्र?" आत्या पापणीही न हलवता म्हणाली, "चरित्रच." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या दोन कादंबऱ्यांना चरित्र म्हणायची पद्धत पडली. आईसुद्धा म्हणायची, चरित्रावर तेलाचा हात लावू नको.

आणि मग ती हिवाळ्याची दोन-तीन महिने चाललेली बैठक. दिवेलागणीला प्रार्थना झाली की स्वयंपाकघरात मी चुलीच्या उजेडाच्या बाजूला बसायची, इंग्रजीतून वाचायची आणि वाक्यागणिक मराठीत सांगायची. आत्या समोर परातीत हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळत असायची. शेंगोळी वळायला वेळ लागतो म्हणून ती हप्त्यातून तीनदा होऊ लागली, आणि घरात कुणी कुरकुर केली नाही. लसणाच्या फोडणीचा वास, पिठाचे बोटाएवढे वेढे, बाहेर गार वारं आणि आत समुद्रापलीकडचं बर्फ. पप्पा बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत. दादांनी त्यांना लहानपणी हा मान दिला होता आणि ते रोज ठरल्या वेळी तो बजावत. दोन खोल्यांच्या मध्ये एक फुलाफुलाचा पडदा. आता, घड्याळाला चावी द्यायला किती वेळ लागावा? कर्र, कर्र, कर्र, झालं. आमच्याकडे ती चावी अर्धा-पाऊण तास चाले. गोष्ट रंगात आली की कर्र थांबे. मी थांबले की पुन्हा सुरू होई. एकदा मी घाईत एक परिच्छेद गाळला तर पडद्यामागून खोकला आला. मी मागे जाऊन तो परिच्छेद सांगितला तेव्हा घड्याळ पुढे चाललं. आत्या परातीत तोंड घालून हसत होती आणि आई मला खूण करत होती, हसू नको, हसलीस तर सगळंच बंद पडेल.

पहिल्या चरित्रातला माणूस जोसाया. पप्पांनी त्याचं दुसऱ्याच दिवशी शास्त्रातल्यासारखं, म्हणजे बायबलातल्यासारखं, योशीया करून टाकलं. योशीया पोरसवदा असताना शेजारच्या गोठ्यात एक थोरली मुलगी एकटीच नाचताना त्याला दिसते. कुणी बघत नाही, कुणाचं काही बिघडत नाही, ती आपली नाचते. योशीया जाऊन पंचांना सांगतो. मुलीला गावाबाहेर काढतात, आणि योशीयाला सगळ्यांसमोर उभं करून शाबासकी देतात. पुढे तो मोठा होतो, मानाचा होतो, आणि जेव्हा जेव्हा कुणी त्याला सत्यवादी म्हणतं तेव्हा त्याच्या घशात घास अडकतो. दुसऱ्या चरित्रातली बाई पेशन्स. तिचा खाष्ट नवरा मरतो. दफनाच्या वेळी पाळक लांबच लांब उपदेश करत असतो, तेवढ्यात वाऱ्यानं त्याची टोपी उडते आणि नेमकी खड्ड्यात, पेटीवर जाऊन बसते, जणू पेटीनंच घातली. पेशन्सला हसू फुटतं. ती तोंडावर काळा पदर दाबते, खांदे गदगदतात, आणि अख्खा गाव म्हणतो, काय हे दुःख, अशी पत्नी होणे नाही. त्या दिवसापासून ती गावाची आदर्श विधवा. पोरींना तिचं उदाहरण देतात. आणि ती बिचारी आतल्या आत जळते.

आमच्या घरात दोन तट पडले. आत्या पेशन्सकडून. पेशन्सचं नाव निघालं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ओठावर हसू, दोन्ही एकाच वेळी. योशीयाला मात्र ती माफ करायला तयार नव्हती. आई कुणाकडूनच नव्हती. तिचा एकच प्रश्न, एवढ्या थंडीत ही माणसं जेवतात काय. मी पुस्तकात शोधून सांगितलं, मक्याची पेज आणि उकडलेल्या शेंगा. आई म्हणाली, मग पाप बोचणारच, पोटात काही नको का. पुढे मी बरीच वर्षं हे साहित्य शिकवलं, जाडजाड समीक्षा वाचली, पण या बाजूनं विचार केलेला कुणी भेटला नाही.

एका संध्याकाळी आत्या योशीयावर भलतीच घसरली. पोरीचा जन्म नासवला मेल्यानं आणि वर पंच होऊन बसला, असं काहीबाही. तेवढ्यात पडदा बाजूला झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. पप्पा हातात चावी घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा मी गेटावरही पाहिला नव्हता इतका कठोर होता.

"त्यानं खोटं सांगितलं का?" ते म्हणाले. "जे पाहिलं तेच सांगितलं ना?"

आत्यानं हातातलं शेंगोळं परातीत ठेवलं. "खरंच सांगितलं. म्हनून तर वाईट. खोटं असतं तर मागं घेता आलं असतं."

पडदा पडला. त्या रात्री ते शेंगोळ्याला हात न लावता उठले, आणि आमच्या घरात शेंगोळं पानात टाकणं हेसुद्धा पापच होतं. मला वाटलं संपलं, उद्या पास चुलीत. पण सकाळी पास खिळ्यावर तसाच लटकत होता. मी तो काढून घेतला आणि धावत एसटी गाठली. जाताना उगाचच फार आनंद झाला आणि मी कंडक्टरला नमस्कार केला.

इकडे माझ्या पाठीमागे काय चाललं होतं त्याचा मला पत्ता नव्हता. बुधवारी दुपारी कंपाउंडात बायकांची प्रार्थनासभा असे, आणि बुधवारी दुपारी मी नगरला. या सभेत प्रत्येकीनं कुणाचं तरी ओझं प्रभूपुढे मांडायचं. कुणाचा नवरा पितो, कुणाचं म्हातारं आजारी. आत्यानं एका बुधवारी मांडलं की पेशन्स नावाची एक विधवा बहीण आहे, लांब राहते, तिच्या मनावर मोठा भार आहे, तिला सांगायचंय आणि सांगता येत नाही. आत्या यात एक अक्षर खोटं बोलली नव्हती. फक्त ती बाई कागदावरची आहे हे तेवढं राहून गेलं. बायकांनी प्रार्थना केली. पुढच्या बुधवारी त्यांनी विचारलं, पेशन्सबाईचं कसं आहे आता? आत्यानं सांगितलं, अजून बोलली नाही, पण परवा बोलता बोलता राहिली. हे खरंच होतं, आम्ही सतराव्या प्रकरणात होतो. दोन-चार बुधवारांत पेशन्सबाई अख्ख्या कंपाउंडाची झाली. एकीनं म्हणे तिच्यासाठी उपास धरला. आणि मग बायकांनी जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवायला घेतली, तिकडे फार थंडी असते म्हणून. राहेलबाईंनीसुद्धा आपलं लग्नातलं हिरवं लुगडं तिच्यात घातलं. आत्याच्या गळ्यापर्यंत गोष्ट आली होती, पण आता सांगावं कसं? हे सगळं आईला ठाऊक होतं. मी नंतर तिला विचारलं, तू का नाही थांबवलंस? आई म्हणाली, थंडी आहे तर वाकळ लागेलच की.

मग आला पहिल्या पिकाचा सण. आमच्या मंडळीचा वर्षातला सर्वांत धमाल दिवस. घरोघरीचं पहिलं पीक चर्चमध्ये येतं, चर्चच्या पायऱ्यांवर बाजरीची कणसं, भोपळे, पपया, उसाच्या मोळ्या, टोपल्यांखाली कोंबड्या. एकेकानं उभं राहून एका वाक्यात उपकारस्तुती करायची आणि मग त्या वस्तूचा लिलाव. घेणारा ती वस्तू पुन्हा चर्चलाच देतो, मग पुन्हा लिलाव, त्यामुळे एकच अंडं दुपारपर्यंत चार घरांची पुण्याई मिळवून येतं. आता नात मला व्हिडिओ कॉलवर दाखवते, लिलावाची बोली मोबाईलवर लावतात म्हणे, पुण्यात बसून भोपळा घेतात. पण टोपलीखालून कोंबडी मध्येच उपदेशाला उत्तर देते ती मजा मोबाईलवर कुठली.

पाळकसाहेब त्या वर्षी नवे होते, तरुण आणि उत्साही. भोपळे झाले, पपया झाल्या. मग त्यांनी ती वाकळ उलगडून दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले की ही आमच्या भगिनींनी परदेशातल्या एका दुःखी विधवेसाठी शिवली आहे. तिचं नाव पेशन्स. मी पुढच्या तिसऱ्या बाकावर होते. माझ्या हातातलं गीतपुस्तक खाली पडलं. मी आईकडे पाहिलं, आई वर आढ्याकडे पाहत होती. पाळकसाहेब म्हणाले, लिलाव होईल, पण वाकळ त्या भगिनीलाच जाईल, आणि सालूबाई आत्ता आपल्याला तिचा पत्ता देतील. सगळे आत्याकडे वळले. पुढे पंचांच्या बाकावर पप्पा ताठ बसलेले. मला पासच दिसत होता, चुलीत, कडेकडेनं काळा होत जाणारा. हे माझं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि मला पुढं शिकायचं होतं, दुसरं काही म्हणून नको होतं.

आत्या उभी राहिली. "पाळकसाहेब, पत्ता न्हाई. ती कादंबरीतली हाय."

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. उपास धरलेली बाई मागच्या बाकावरून हळूच म्हणाली, "आन मंग माजा उपास?" आणि तिला कुणीतरी गप्प केलं. पाळकसाहेब वाकळ धरून तसेच उभे, ठेवावी की घडी करावी हे त्यांना कळेना. ते पंचांकडे पाहू लागले. पप्पा उठले. मी डोळे मिटून घेतले.

"मंडळी, मला ठाऊक होतं," पप्पा म्हणाले. "मी रोज पडद्यामागून ऐकत होतो. पुस्तकातली आहे हे ठाऊक असून मी त्या बाईसाठी प्रार्थना केली." मग पंचांचा बाक करकरला. "त्या दुसऱ्या पुस्तकात एक माणूस आहे, चुगली करणारा. त्याच्यासाठी मात्र माझ्याच्यानं प्रार्थना झाली नाही. कारण तो मी आहे. आक्का, तुझ्या ट्रंकेतलं पुस्तक दादांना मी दाखवलं."

मी डोळे उघडले. पप्पा पंचांच्या बाकाला धरून उभे होते, फॅक्टरीचं गेट ज्यांना घाबरायचं ते पप्पा. पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. ते तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. दादांनी याच चर्चमध्ये त्यांना पुढे बोलावून शाबासकी दिली होती, आणि घरी जाऊन घड्याळाची चावी त्यांच्या हातात ठेवली होती. रोज संध्याकाळी ती चावी फिरवताना आत्याचं मशीन त्यांना ऐकू यायचं.

आत्या पाळकसाहेबांजवळ गेली होती. तिनं वाकळीचं एक टोक उचललं आणि तोंडावर धरलं. तिचे खांदे गदगदू लागले. बायका चुकचुकत पुढे आल्या, रडू नको सालूबाई, पदरात घे त्याला, भाऊ आहे तुझा. एकजण पाणी आणायला धावली. पण मी ते खांदे हिवाळाभर परातीवर वाकलेले पाहिले होते. मला त्यातला फरक कळत होता. आत्यानं वाकळ खाली केली, तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, अगदी पोटापासून, आवरता आवरेना अशी. ती राहेलबाईंकडे वळली. तीसेक वर्षांत पहिल्यांदा, मध्ये भिंत न ठेवता.

"राहेल," ती म्हणाली, "आगं मी तुज्याशी बोलत न्हवते ते ह्याच्यापायी. मला वाटलं, सांगनारी तू."

राहेलबाई जागेवरून उठल्या. चांगल्या थोराड बाई, पण चेहरा अगदी लहान मुलीसारखा गोंधळलेला. "व्हय? मंग ते कोंबडीमुळं न्हवं?"

"कोन्ती कोंबडी?"

"तांबडी. तू नगरवरनं परत आल्तीस, त्याच हप्त्यात भिंतीवरनं आमच्यात आली. आमी खाल्ली." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला वाटलं, हिला कळलं. तुजं न बोलनं मला बरूबरच वाटायचं. तोंड कुठलं व्हतं मला, म्हनून मीबी गप ऱ्हायले."

त्यानंतर चर्चमध्ये जे हसणं झालं ते मला सांगता येत नाही. मागच्या बाकापासून सुरू झालं आणि पुढपर्यंत आलं. पाळकसाहेबांनी तोंडासमोर शास्त्र धरलं, पण शास्त्र हलत होतं. टोपलीखालच्या कोंबड्यांनी एकच गिल्ला केला, त्यांचा त्यात जुना संबंधच होता. पप्पा तेवढे हसले नाहीत. ते आत्याकडे बघत होते. लिलाव पुढे झाला तेव्हा राहेलबाईंनी वाकळीवर पहिली बोली लावली, एक तांबडी कोंबडी. तिच्यावर कुणाची बोलायची टाप नव्हती. वाकळ त्यांनी घेतली, चार पावलं चालून आत्याच्या खांद्यावर टाकली आणि तिच्या शेजारी बसून घेतलं. ती कोंबडी लिलावात पप्पांनी सोडवली.

दुपारी घरी पप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, पडदा हातात धरून, आत पाऊल न टाकता. आत्या त्या कोंबडीसाठी वाटण वाटत होती. वाटता वाटताच म्हणाली, "शाळा गेली त्याचं दुःख मी एकदाच पोटभर रडून मोकळी झाले. राहेल गेली ते रोजचं हुतं. ते तू न्हाई केलं, ते माजं मीच केलं. आता त्याचं काय करायचं ते मी बगते. तू आत ये, दारात उभा ऱ्हाऊ नको." पप्पा आत आले आणि चुलीपुढे पाटावर बसले. किती तरी वेळ ते नुसते आत्याच्या हाताकडे बघत राहिले. मला त्या क्षणी पप्पांची इतकी माया वाटली की मी उगाचच घरातून बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकून आले. परत आले तर त्यांनी खिळ्यावरचा पास काढून हातात धरला होता. तो माझ्यापुढे करत म्हणाले की हा दप्तरात ठेवत जा, चुलीजवळ नको. मी तो घेतला आणि पळतच गेले, त्यांचं मन बदलायच्या आत.

परीक्षेत तो प्रश्न आला. मी लिहिलं की या दोघांना पाप बोचत नाही, त्यासाठी मिळालेलं कौतुक बोचतं. योशीयानं पाहिलं ते सांगितलं आणि पेशन्सनं लपवलं, पण दोघांच्या घशात एकच घास अडकला. गुण बेताचेच पडले. सरांनी विचारलं, हे तू कुठल्या समीक्षेत वाचलंस? मी सांगितलं, आमच्या चर्चमध्ये.

पण त्याआधी, सणाच्याच संध्याकाळी, शेवटचं प्रकरण राहिलं होतं. कोंबडीचा रस्सा आणि बाजरीची भाकरी खाऊन सगळे चुलीभोवती बसलो. राहेलबाई भिंतीवरून न येता दारातून आल्या आणि दोघींनी मिळून ती वाकळ पायांवर घेतली. आज ती माझ्या मांडीवर आहे, हिरवं लुगडं तेवढं अजून टिकलंय. मी पुस्तक उघडलं तर पप्पांनी हात पुढे केला. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, उलटसुलट पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदाच कादंबरी हातात धरत असल्यासारखं, आणि मग मला वाटतं त्यांना दुसरी एक आठवली. त्यांनी ते आत्यापुढे धरलं. "आक्का, तू वाच."

आत्याचं इंग्रजी इतकी वर्षं ट्रंकेत पडलेल्या लुगड्यासारखं झालं होतं, घड्या कडक, पण कापड शाबूत. ती ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली, अडली की माझ्याकडे बघे, आणि मी मराठीत सांगत गेले. पेशन्स आता म्हातारी झाली आहे. एका रविवारी ती भर सभेत उभी राहते आणि सांगते की त्या दिवशी मी रडत नव्हते, टोपी पाहून हसत होते. सगळे थिजतात. मग मागच्या बाकावर एक दुसरी म्हातारी काठी टेकत उठते आणि म्हणते, मीही हसले होते. टोपी मलाही दिसली होती. तिथं पुस्तक संपतं.

राहेलबाईंनी आत्याच्या गुडघ्यावर थाप मारली, आईनं डोळे पुसले, आणि पप्पा हसले. आवाज करून, मान मागे टाकून. घड्याळाला चावी द्यायची वेळ टळून गेली होती, दुसऱ्या दिवशी टाइमकीपर स्वतःच गेटावर उशिरा पोचले. आत्यानं पुस्तक मिटलं नाही. शेवटच्या ओळीवरचं बोट तिनं काढलंच नव्हतं.

"शेवटचं पान परत वाचू का?" तिनं विचारलं.

"शेवटचं नको," पप्पा म्हणाले. "पहिल्यापासून वाच."